खालून दोन बोटं कागद

ती ओळ तुम्ही कापायला लावलीत. कापली मी. मशीन मी चालवलं, पातं मी खाली आणलं, हे मी कुठेही नाकारणार नाही. पण फोन तुमच्या आरोग्य कार्यालयातून आला होता आणि "खालून दोन बोटं कमी करा, पाकिटात बसत नाही" हे शब्द तुमचे होते. आमच्या मालकानं ते मला जसेच्या तसे सांगितले. पाकिटं तुम्ही आधीच घेऊन ठेवली होती, घरोघरी पाठवायचा जेवणाचा तक्ता न मोजता. मग पाकिटं बदलण्यापेक्षा तक्ता कापणं तुम्हाला सोपं वाटलं.

त्या दोन बोटांत काय होतं ते आधीच सांगून टाकतो. असं होतं: "मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वापरू नये. जिवाला धोका होऊ शकतो."

माझ्या सासऱ्यांना दोन्ही आहे. मूत्रपिंडं निम्मी कामातून गेलेली आणि रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. आज ते रुग्णालयात आहेत, छातीला तारा लावलेल्या, आणि त्यांचं हृदय चालतंय की नाही हे एक यंत्र आम्हाला टिक टिक करून सांगतंय. तिथवर त्यांना मी पोचवलं. माझ्या हातच्या जेवणानं. तुमचा तक्ता भिंतीवर लावून, रोज एकेक चौकोन भरत.

मी छापखान्यात कटर चालवतो. एकवीस वर्षं झाली. पाचशे कागदांचा गठ्ठा पात्याखाली सरकवायचा, खुणेला लावायचा आणि दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबायची. एका बटणावर ते पातं हलतच नाही. का, तर एक हात चुकून आत राहिला तर बोटं जातील. ज्यानं कोणी ते मशीन बनवलं त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं, तरी माझ्या बोटांची काळजी केली होती. तुमच्या कार्यालयात एवढी माणसं बसतात, तुमच्यात असा एकही निघाला नाही?

अठरा हजार तक्ते, छत्तीस गठ्ठे. कापलेली पट्टी माझ्याच बाजूला पडते. मी ती हातानं लोटून पोत्यात टाकतो. म्हणजे ती ओळ छत्तीस वेळा माझ्या हाताखालून गेली. मी पाहिलीसुद्धा. बारीक, राखाडी, तळाशी. आणि आमच्या धंद्यात तळाशी जी बारीक राखाडी ओळ असते ती छापखान्याच्या नावाची असते. ती कापा म्हणून सांगणारी गिऱ्हाइकं महिन्यातून दोन-तीन तरी येतात. मी म्हटलं, आलं आणखी एक. आमचं नाव नकोय साहेबांना. बरं, नको तर नको.

एवढीच चूक. डोळ्यांनी बघितलं आणि सवयीनं वाचलं.

तक्ता चांगला होता, खोटं कशाला बोलू. जाड कागद, वर हिरवी पट्टी, "नवं वर्ष, घरचं जेवण." खाली बारा महिने आणि प्रत्येक दिवसाला एक चौकोन. घरी रांधलं की चौकोन भरायचा. बाजूला सहा सूचना. तळलेलं कमी करा. रोज एक पालेभाजी, दोन फळं. नेहमीच्या मिठाऐवजी कमी सोडियमचं मीठ वापरा. असं. आणि शेवटी तीन रिकाम्या ओळी: "आमच्या घराचे संकल्प." मी एक प्रत घरी आणली. आमच्याकडे कुणी हरकत घेत नाही, छापणाऱ्याच्या घरी एक जातेच.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी, बायको आणि सासरे. बायको शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापते. सासरे लिफ्ट दुरुस्त करायचे, आता एकाहत्तर वर्षांचे. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे आले. मी त्यांना बुवा म्हणतो आणि ते मला जावईबापू म्हणतात. त्यातला 'बापू' ते फक्त टोमणा मारायचा असला की लांबवतात.

पहिली ओळ मी लिहिली: "संध्याकाळचा स्वयंपाक मी करणार. रोज."

"रोज म्हणजे नेमके किती दिवस?" बायकोनं विचारलं.

"रोज म्हणजे रोज."

"बाबा, ऐकलंत का? अंडं उकडताना ज्यांनी भांडं जाळलं ते हे."

"दोन तारखेपर्यंत टिकतील," बुवा म्हणाले. "तीन तारखेला जावईबापूंची पाठ धरेल."

तिनं लिहिलं: "दुपारचा डबा घरचा. कँटीनचं तळलेलं बंद." मग पेन बुवांपुढे केलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: "जेवताना नावं ठेवणार नाही."

"बाबा! छापील कागदावर खोटं लिहू नका."

"अगं, तीस वर्षं मी माणसांना वर पाठवलं आणि सगळ्यांना सुखरूप खाली आणलं. एवढासा संकल्प पाळता येणार नाही होय मला?"

आम्ही हसलो. हसण्याची ती संध्याकाळ मला आता आठवायला नको वाटते.

एक तारखेला मी कोपऱ्यावरच्या दुकानातून ते मीठ आणलं. एक किलो. हो, त्या पाकिटावरही सूचना होती, पुढे कळलं. लाल पाकिटावर गडद लाल अक्षरं, मुंगीच्या पायाएवढी. घरी आल्याबरोबर मीठ बरणीत ओतलं आणि पाकीट कचऱ्यात. कोण वाचतं मिठाचं पाकीट? तुम्ही वाचता?

पहिल्या दिवशी टोमॅटोचं सूप, उकडलेले बटाटे, पालक. सूप पातळ, बटाटे कच्चे. बुवांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं.

"बोला, बोला," बायको म्हणाली. "आजच्या दिवस माफ."

"जावईबापू, तुमच्या मिठात जरा मीठ घाला."

खरंच होतं ते. त्या मिठाची चव अर्धवट. खारट लागता लागता मध्येच कडवट होतं. त्यामुळे बुवा वरून घालायचे. बरणी त्यांच्या ताटाजवळच राहायला लागली. अर्धा चमचा, मग पाऊण. मी म्हणायचो, "घ्या बुवा, हे चांगलं मीठ आहे, ह्याचा त्रास नाही." हे मी म्हणायचो. माझ्या तोंडानं.

तीन तारीख गेली आणि माझी पाठ धरली नाही. मला स्वयंपाक आवडायलाच लागला. कामावरून यायचं, हात धुवायचे, चाकू घ्यायचा. चाकू मला येतोच, कापणं हाच माझा धंदा. पालकाच्या जुड्या मी कागदासारख्या ठोकून सरळ करून कापायचो. बायको बघत उभी राहायची. "असं सरळ कापताय, जणू ह्याचं पुस्तक बांधायचंय." रात्रीच्या जेवणानंतर चौकोन बुवा भरायचे, निळ्या पेन्सिलीनं, रेघेच्या बाहेर न जाता.

पाच तारखेला ते म्हणाले, ओठांना मुंग्या येतायत. आम्ही म्हटलं, थंडी आहे.

सात तारखेला बाहेरून येताना तिसऱ्या पायरीवर बसले. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्यावरून ते रोज बोलायचे. त्या दिवशी बोलले नाहीत. नुसते बसले. मी हात दिला तेव्हा म्हणाले, "मांड्या माझ्या नाहीत असं वाटतंय."

मी काय केलं सांगू? अशक्तपणा आलाय म्हणून पालक दुप्पट केला. सकाळ-संध्याकाळ केळं. टोमॅटोचं सूप मोठ्या वाटीतून. पालेभाज्या आणि फळं चांगली, हे तुमच्याच तक्त्यावर होतं, मग जास्त चांगलं ते जास्त. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, एरवी ह्यातलं काहीच वाईट नाही. पण त्या मिठात सोडियम काढून जे भरतात ते पोटॅशियम. पालकात पोटॅशियम, केळ्यात, टोमॅटोत, बटाट्यात पोटॅशियम. चांगली मूत्रपिंडं ते गाळून टाकतात. बुवांची टाकत नव्हती. शिवाय ती रक्तदाबाची गोळी त्याला आतच धरून ठेवते. ते सगळं रक्तात साठत होतं. मी रोज भर घालत होतो आणि ते रोज जास्त गळत होते. आणि ते जितके गळत होते तितकी मी भर वाढवत होतो.

नऊ तारखेपासून बुवांनी जेवणाला नावं ठेवणं थांबवलं. गप्प खायला लागले. आणि मी, मूर्ख माणूस, बायकोला म्हणालो, "बघ, जमायला लागलं मला."

अकरा तारीख, रविवार, दुपारी साडेबारा. ताटं वाढली होती. बुवांनी चमचा उचलला आणि तो वाटीत पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. त्यांनी तिसऱ्यांदा प्रयत्नच केला नाही. हाताकडे बघत राहिले, दुसऱ्याचा हात असावा तसे.

"बाबा?"

"दोन मजल्यांच्या मध्ये अडकते ना लिफ्ट," ते हळू म्हणाले, "तसं काहीतरी... आत."

बायकोनं त्यांची नाडी धरली. तिला नाडीतलं काही कळत नाही. पण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला समजलं की दोन ठोक्यांच्या मध्ये फार वेळ जातोय. मी माझा हात लावला. एक ठोका. मग काहीच नाही. मी मनात मोजायला लागलो आणि मला वाटलं, आता नाही येणार. मग आला.

खुर्चीसकट आम्ही त्यांना दोन मजले खाली आणलं. मी खालून, ती वरून. ते शुद्धीवर होते, तेच भयंकर होतं. प्रत्येक वळणावर म्हणत होते, "कठड्याला जपा, कठड्याला जपा." टॅक्सीत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी सगळा रस्ता फक्त एवढंच ऐकत होतो, की श्वास येतोय का.

रुग्णालयात त्यांच्या छातीला तारा लावल्या. कागदाची पट्टी बाहेर आली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी ती पट्टी पाहिली आणि एकदम पळायलाच लागल्या. डॉक्टरला पळताना पाहणं ह्याच्याइतकं भीतिदायक जगात काही नसेल. पडदा ओढला. आतून काचेच्या कुप्या फोडल्याचे आवाज येत होते. बायको माझ्या बाहीला धरून उभी होती, कापड धरतात तसं, मूठ भरून.

पाऊण तासानं बाई बाहेर आल्या.

"पोटॅशियम सात पूर्णांक चार आहे. हृदय कधीही थांबू शकतं. मशीनवर घेतोय, रक्त शुद्ध करायला. आता मला नीट सांगा, गेल्या पंधरा दिवसांत जेवणात काय बदललं?"

"वाईट काहीच नाही," मी म्हणालो. आणि पाठ केल्यासारखं सांगत गेलो. घरचं जेवण, तळलेलं बंद, रोज पालेभाजी, फळं. माझ्या आवाजात अभिमान होता. त्या क्षणीसुद्धा.

"मीठ कोणतं?"

"ते नवं. कमी सोडियमचं."

त्यांनी डोळे मिटले. "ते त्यांना विष आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं ना!" बायको ओरडलीच. "वापरा म्हणूनच सांगितलं! तक्त्यात लिहिलंय!"

"आणि त्याच तक्त्यात खाली लिहिलंय कुणी वापरू नये ते."

"खाली काही नाहीये."

"आहे. मसुदा आमच्याकडे आला होता. ती ओळ आमच्याच विभागानं घालायला लावली होती. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत."

बारीक अक्षरांत. तळाशी. मला त्या पट्टीचं वजन आठवलं, पाचशे कागदांची पट्टी हातानं लोटताना जे लागतं ते. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी भिंतीकडे.

सोमवारी छापखाना उघडायच्या आधी मी दाराशी होतो. आमची रद्दी सोमवारी जाते. डिसेंबरची पोती मागे रचलेली होती, नऊ. मी पहिलं फोडलं. लग्नपत्रिकांचे काठ. दुसऱ्यात औषधांच्या खोक्यांचे. पाचव्यात हिरव्या शाईचे ठिपके दिसले आणि मी ते पोतं जमिनीवर उपडं केलं. पट्ट्या. दोन बोटं रुंद, हातभर लांब. मी एक उचलली आणि वाचली. आमच्या छापखान्याचं नाव त्यावर कुठेच नव्हतं.

मालक आत आला. "काय मांडलंयस हे?"

मी पट्टी पुढे केली. त्यानं चष्मा लावून वाचली. मग म्हणाला, "त्यांनीच सांगितलं होतं कापायला."

"तुम्ही बघितलं नाही?"

"तू बघितलंस? कटरवर कोण होतं?"

"मी होतो. माझा सासरा मरायला टेकलाय, मालक."

त्यानं पट्टी माझ्या हातात परत दिली. मग घसा खाकरून म्हणाला, "हे बघ, वाईट झालं. पण हे बाहेर बोलू नकोस. निम्मं काम त्यांचं येतं आपल्याकडे. तुझं पोट, माझं पोट, इथली सात माणसं..." बोलता बोलता तो थांबला. त्याचा चेहरा कसा तरी झाला. खिशातून फोन काढला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"आई? जेवलीस का? नाही, नाही, काही नाही. ऐक. ते मीठ आहे ना, मी आणलेलं... हो, तेच. ते फेकून दे. आत्ता. मी फोन धरतो, तू जा आणि फेक."

तो फोन कानाला धरून तसाच उभा राहिला. मला पलीकडून चपलांचा आवाज ऐकू आला, लांब जाणारा. मग त्यानं फोन ठेवला आणि म्हणाला, "माझं नाव घेऊ नकोस एवढंच." मी म्हटलं, बघतो.

रुग्णालयाच्या जिन्यात मी बायकोला सांगितलं. पट्टी तिच्या हातात दिली. ती वाचायला फार वेळ लागत नाही, पण तिनं लावला.

"तुम्ही कापलंत?"

"खुणेवर कापलं."

"आमच्याकडे कापड लावल्यावर एकदा हात फिरवून, उलटून बघतात. नवी पोरगीसुद्धा बघते."

"मला वाटलं छापखान्याचं नाव आहे."

"वाटलं." ती इतकंच म्हणाली. मग कठड्याला टेकली. मी वाट बघत होतो की ती ओरडेल, मारेल, काहीतरी करेल. तिनं विचारलं, "आणि खूण कुणी बदलायला लावली?"

मी सांगितलं.

"मग इथे माझ्यापुढे मान खाली घालून काय उभे आहात? तिकडे जा."

आलो. मंगळवारी, सकाळी साडेदहाला, तुमच्या कार्यालयात. तुम्हाला आठवत असेन मी. निळा शर्ट, हातात पट्टी. तुम्ही चष्मा पुसलात आणि बसा म्हणालात. मी बसलो नाही. तुम्ही फाईल मागवलीत, मसुदा काढलात आणि बोट ठेवून दाखवलंत.

"हे बघा. मंजूर मसुद्यात ओळ आहे. म्हणजे आमच्याकडून पूर्तता झालेली आहे."

"आणि दोन बोटं कापा हा फोन?"

"तोंडी सूचनेची नोंद नसते."

"केला होता की नव्हता?"

"कुणीतरी केला असेल. आकार कमी करा म्हणजे सगळं प्रमाणात लहान करा, असा अर्थ होतो. मजकूर कापा असं कुणी म्हणेल का? तुम्हाला समजायला हवं होतं."

इथे तुम्ही बरोबर आहात. मला समजायला हवं होतं. मी ते मान्य केलं, तुमच्या समोर, तुमच्या शिपायासमोर. मग मी विचारलं की लोकांना कळवणार कधी. तुम्ही म्हणालात, विषय बैठकीत ठेवू. बैठक कधी? पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. आणि मग तुम्ही हळू आवाजात, फार प्रेमानं, मला एक गोष्ट सांगितलीत. "हे लेखी दिलंत तर चूक छपाईतली ठरेल, म्हणजे तुमची ठरेल, विचार करा."

मी विचार केला. भीती वाटली, का नाही वाटणार? कटर सोडून मला दुसरं काम येत नाही. घरी आलो, पाणी पिण्यासाठी स्वयंपाकघरात गेलो आणि तिथेच उभा राहिलो. दहा चौकोन निळे होते. काय काय रांधलं ते मला एकेक आठवत होतं. बरणी टेबलावर होती. ती उचलून फेकायचं धाडस मला होईना, जणू हात लावला तर कुणीतरी मरेल. शेवटी फडक्यात गुंडाळून उचलली.

आज बुधवार. बुवांना दोनदा मशीनवर घेतलं. पोटॅशियम उतरलंय, पण हृदयाचा ठोका मध्येच चुकतो. मूत्रपिंडांत जे निम्मं उरलं होतं त्यातलं किती राहिलं ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. आठवड्यातून दोनदा मशीन, बहुधा कायमचं, असं म्हणतात आणि 'बहुधा' वर जोर देतात. सकाळी बुवांनी डोळे उघडले. मी जवळ होतो.

"जावईबापू."

"बोला, बुवा."

"पायाखाली मजला लागत नाहीये."

मी त्यांची पावलं दोन्ही हातांत धरली. गार होती. लिफ्टच्या खोल खड्ड्यात तीस वर्षं उतरलेला माणूस तो, त्याला कधी भिताना पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. "सोडू नका," म्हणाले. मी सोडली नाहीत. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही की त्यांच्या ताटात काय होतं आणि ती ओळ कुणी कापली. सांगणार आहे. त्यांचा ठोका सरळ पडायला लागला की सांगणार आहे.

पण हे सगळं मी आज का लिहायला बसलो ते ऐका. मी अजून चार दिवस थांबलो असतो. दुपारी बारा वाजता शेजारची खाट भरली. एक म्हातारी बाई, वाचनालयात काम करून निवृत्त झालेली, सोबत तिची सून. म्हातारीला मान उचलता येत नव्हती. नर्स विचारत होती आणि सून रडत सांगत होती, "काही नाही हो, उलट नव्या वर्षापासून आम्ही सगळं घरचंच खातोय. मी नोकरीवरून येऊन स्वतः करते. सगळं अगदी तक्त्याप्रमाणे."

माझी बायको डबा उघडत होती. तिचा हात तिथेच राहिला. ती उठली, त्या खाटेशी गेली आणि अगदी हळू विचारलं, "ताई, मीठ कोणतं वापरता?"

सुनेनं मान वर करून पाहिलं. मला तो चेहरा माहीत आहे. तीन दिवसांपूर्वी तो माझा होता. तोच अभिमान, आणि त्याच्याखाली काहीतरी सरकायला लागलेलं.

बायको परत आली आणि मला म्हणाली, "लिहा. आत्ता लिहा. तुमचं नाव घालून लिहा. नोकरी गेली तर मी दोन पाळ्या करीन."

म्हणून लिहितोय. वॉर्डाबाहेरच्या बाकावर, गुडघ्यावर कागद ठेवून. खाली माझं नाव आहे, पत्ता आहे, आणि कापलेली पट्टी टाचणीनं लावलेली आहे. दोष माझा किती आणि तुमचा किती ते नंतर ठरवा, मला जे व्हायचं ते होऊ दे. मी स्वतः दारोदार गेलो असतो, आत्ता उठून गेलो असतो. पण ती अठरा हजार घरं कोणती ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. पाकिटांवर चिकटवायचे पत्ते तुम्ही दुसऱ्या छापखान्यात छापून घेतलेत, यादी तुमच्या कपाटात आहे.

आता दुपारचे तीन वाजलेत. चार तासांत त्या घरांतून चुली पेटतील. कुणीतरी कामावरून येऊन हात धुवेल, पालक चिरेल, म्हाताऱ्या माणसाला आग्रह करून वाढेल आणि भिंतीवरचा चौकोन भरेल. त्यातली किती माणसं आज तिसऱ्या पायरीवर बसली असतील?

यादी मला देताय, की तुम्ही स्वतः जाताय? कोण जाणार आहे त्या दारांवर, आणि किती वाजता? उत्तर द्या.